शेवटच्या कडव्यातले नाव : वामनदादा कर्डक यांच्या गीतरचनेचे मोल

कवी आणि गायक ही दोन वेगवेगळी माणसे असतात, असे गृहीत धरण्याची सवय मराठी वाङ्मयविचारात मुद्रणकलेबरोबर रुजली आणि पुढे ती इतकी पक्की झाली की, स्वतःचे शब्द स्वतःच्याच आवाजात लोकांसमोर उभे करणाऱ्या रचनाकाराला वाङ्मयेतिहासाच्या कोणत्या प्रकरणात बसवावे, हा प्रश्न अद्याप नीट सुटलेला नाही. संतांच्या बाबतीत तो सुटला, कारण त्यांचे गाणे भक्तीच्या खात्यात जमा झाले. पेशवाईतील शाहिरांच्या बाबतीतही तो सुटला, कारण त्यांच्या पोवाड्या-लावण्यांना कालांतराने इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा लाभली. विसाव्या शतकातील ज्या गायक-कवीच्या बाबतीत तो सर्वाधिक रेंगाळला, ते वामन तबाजी कर्डक, म्हणजे वाड्यावस्त्यांवर ‘दादा’ या घरगुती नात्याच्या शब्दासह ओळखले गेलेले वामनदादा, हे प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहेत. त्यांना विसरले गेले आहे असे म्हणता येणार नाही, कारण 14 एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला त्यांचे गाणे ज्या वस्तीत वाजत नाही अशी आंबेडकरी वस्ती महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे; परंतु आठवणे वेगळे आणि मोल करणे वेगळे, आणि या दोहोंतील अंतराचाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या कलावंताचे युग म्हणून 1960 चे दशक जगभर ओळखले जाते. अमेरिकेत गिटार घेऊन एकट्याने उभे राहणाऱ्या गायकांनी खेड्यापाड्यांतील जुन्या लोकगीतांच्या चाली, कामगार चळवळीचा आशय आणि पुढे विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा ठेका एकत्र आणला, आणि त्या मिश्रणाला ‘फोक-रॉक’, म्हणजे लोकगीत व रॉक यांचा संकर, हे नाव पडले. या प्रवाहातील बॉब डिलन यांना 2016 मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र त्यांच्याच बरोबरीने चळवळीत उभे असलेले फिल ऑक्स, ज्यांनी 1964 मधील आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला वृत्तपत्राच्या ब्रीदवाक्याची उपहासाने मोडतोड केलेले शीर्षक दिले होते, ते 1976 मध्ये वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी निवर्तले आणि दीर्घकाळ जाणकारांच्या कोपऱ्यातच राहिले. घडलेल्या घटनेवर ताबडतोब गाणे करणे हा त्यांचा गुण होता. घटना जुनी झाली की गाणेही जुने झाले असे समजले जाणे, ही त्या गुणाला जडलेली शिक्षा होती. वामनदादांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेचे एक अंग हेच आहे, पण तिची अन्य अंगे निराळी आहेत आणि ती येथील मातीतूनच समजून घ्यावी लागतात.

या विषयाचा विचार बुलढाणा जिल्ह्यात करण्याला औचित्य आहे. घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरून जाणारा मुंबई-नागपूर लोहमार्ग हा 1956 नंतर दरवर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांचाही मार्ग आहे, आणि 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातील दर सात माणसांमागे साधारण एक माणूस बौद्ध म्हणून नोंदलेला आहे. अशा जिल्ह्यात भीमगीत, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन, विचार व चळवळ यांवरचे गीत, हा केवळ सभेतील प्रकार राहत नाही. तो पाळण्यापासून अंत्ययात्रेपर्यंत घरात वावरणारा प्रकार होतो. घाटावरच्या मेहकरचे उदाहरणही येथे दुसऱ्या अर्थाने उपयोगी पडणारे आहे, आणि त्याकडे पुढे परतावे लागेल.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. त्यांच्याच आडनावाचे भीमराव कर्डक हे निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे. 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसा उभा करणाऱ्या आद्य मंडळींत त्यांची गणना होते, आणि या दोघांची गल्लत अनेकदा होते. जलसा म्हणजे तमाशाचा साचा घेऊन त्यातील गण-गौळण-बतावणीच्या जागी समाजप्रबोधनाचा मजकूर भरलेला प्रयोग होय. त्याची परंपरा महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीपासून चालत आलेली होती. वामनदादा त्या परंपरेचे वारसदार असले तरी तिचे शिष्य म्हणून तयार झालेले नव्हते. शाळा त्यांना मिळाली नव्हती; मजुरीसाठी मुंबईत आल्यावर शिवडीच्या चाळीत राहत असताना, कोणीतरी वाचून दाखवण्यासाठी पुढे केलेले पत्र आपल्याला वाचता येत नाही याची लाज वाटून त्यांनी प्रौढपणी देहलवी नावाच्या मास्तरांकडून मुळाक्षरे घेतली आणि जोडाक्षरे दुकानांच्या पाट्यांवरून लावली, ही हकीकत त्यांच्या चरित्रात सर्वत्र येते. तिच्याकडे हळवेपणाने पाहण्याचा प्रघात आहे. तिचा वाङ्मयीन अर्थ मात्र वेगळाच आहे: या माणसाच्या कानात भाषा पूर्ण घडून झाल्यानंतर डोळ्यांना अक्षर भेटले, आणि त्यामुळे त्यांच्या रचनेत अक्षराची सत्ता कानावर कधीच चालली नाही.

3 मे 1943 हा त्यांच्या पहिल्या गीताचा दिवस मानला जातो, आणि ते पहिले गीत एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर केलेले विडंबन होते. म्हणजे साठच्या दशकाच्या उंबरठ्यावर ते येतात तेव्हा त्यांच्या मागे जवळजवळ दोन दशकांची गाण्याची उमेदवारी आहे. आणि नेमक्या याच वेळी समाजाची गाण्याची गरज मुळापासून बदललेली आहे.

ही गरज कोणती होती, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबर 1956 रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. धर्मांतराने देव सोडले, पण देवांबरोबर गाणीही गेली, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. जात्यावरच्या ओव्यांत विठ्ठल होता, पाळण्यात राम-कृष्ण होते, लग्नाच्या गाण्यांत कुलदैवत होते, मयताच्या रात्री भजनी मंडळाचा अभंग होता. या सर्वांची जागा एका दिवसात रिकामी झाली. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा वाचता येत होत्या, पण बारशाच्या दिवशी बायकांनी गायचे काय, हा प्रश्न प्रतिज्ञांनी सोडवण्यासारखा नव्हता. नव्या धम्माचे विधी सांगणारी पुस्तके हळूहळू आली. गाणी मात्र ताबडतोब हवी होती, आणि ती ज्यांना वाचता येत नाही त्यांना एकदा ऐकून पाठ होतील अशी हवी होती. ही रिकामी जागा ज्या गीतकारांनी पुढील पंधरा-वीस वर्षांत भरली, त्यांत वामनदादांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजली जाते, आणि ती ऐकून नाक मुरडणाऱ्या समीक्षकाने एवढेच ध्यानात घ्यावे की, एका समाजाचे अवघे गाणे नव्याने करावयाचे असता दोन-तीन डझन निवडक कविता पुरल्या नसत्या.

या गीतांचे रंगपीठ म्हणजे गायन पार्टी. एक मुख्य गायक, मागे साथ करणारा कोरस, पेटी, ढोलकी, खंजिरी आणि बुलबुल तरंग एवढ्या सामग्रीवर ती उभी राहत असे. बुलबुल तरंगाला मुंबईच्या चाळींत सरसकट ‘बेंजो’ म्हटले जाई. ते मूळचे जपानी वाद्याचे भावंड होय, आणि ते मूळ वाद्य 1912 मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्राच्या कळा डोळ्यांपुढे ठेवून सिद्ध केले होते. स्वस्त, खांद्याला अडकवून नेता येणारे आणि कळ दाबली की नेमका सूर देणारे हे वाद्य गुरूशिवाय वाजवता येते, हा त्याचा मोठा सामाजिक गुण होता. सतार किंवा सारंगी हाती धरण्यासाठी जे घराणे लागते ते येथे लागत नव्हते. त्याच्या जोडीला कर्णा आला, म्हणजे लोखंडी भोंग्याचा ध्वनिक्षेपक. 25 जुलै 1965 रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभे राहिले तेव्हा लोकगीताची शुचिता भंगल्याचा मोठा गहजब झाला. आंबेडकरी वस्तीत कर्णा आला तेव्हा असा गहजब होण्याचे कारणच नव्हते. गावाच्या वेशीबाहेरून आवाज गावात पोचवणारे यंत्र कोणाला नको होते?

गायन पार्टीचा सर्वांत चुरशीचा प्रकार म्हणजे सामना. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकीने गाण्यातून सवाल टाकावा आणि दुसरीने गाण्यातूनच जबाब द्यावा, आणि हे पहाटेपर्यंत चालावे, असे त्याचे स्वरूप असे. कव्वालीचा मुकाबला आणि तमाशातील कलगी-तुऱ्याचा झगडा या दोहोंचे रक्त त्यात आहे. अशा सामन्यात पार्टीच्या पाठीशी असलेल्या कवीला समोरचे गाणे संपण्यापूर्वी उत्तराचे ध्रुपद, म्हणजे परतपरत येणारी पहिली ओळ, तयार ठेवावे लागते. वामनदादांची शीघ्ररचना या शाळेत तयार झाली, आणि तिच्या गुणांप्रमाणे तिचे दोषही याच शाळेचे आहेत.

आता ज्या आक्षेपाने त्यांच्या मूल्यमापनाची वाट सर्वाधिक अडवली त्याकडे वळावयास हवे. चाली उसन्या आहेत, हा तो आक्षेप होय. चित्रपटातील लोकप्रिय गाण्याची चाल घ्यायची आणि तिच्यावर आपले शब्द बसवायचे, यात कसली आली निर्मिती, असे अभिरुचीसंपन्न वर्गात सहज बोलले जाते. गमतीची गोष्ट अशी की, हा आक्षेप सातशे वर्षांहून जुना आहे आणि तो या जिल्ह्यापासून फार दूर नसलेल्या ठिकाणीच शास्त्रबद्ध झाला. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात शब्द आणि स्वररचना या दोहोंचा कर्ता तो ‘वाग्गेयकार’ अशी व्याख्या येते. शब्दाला तेथे ‘मातु’ आणि स्वररचनेला ‘धातु’ म्हटले आहे, आणि दुसऱ्याच्या धातूवर आपला मातु बसवणाऱ्याला ‘कुट्टिकार’ असे वेगळे, काहीसे खालच्या पायरीचे नाव दिले आहे. शास्त्राच्या या शिडीवर वामनदादा अनेकदा कुट्टिकार ठरतील. परंतु शिडी कोणत्या घरात उभी आहे, हेही पाहावे लागते. दरबारातील श्रोता नवी चाल ऐकण्यासाठी आलेला असतो. वस्तीतील श्रोत्याला गाणे ऐकून घरी न्यायचे असते. चाल आधीच तोंडात असेल तर त्याचे निम्मे पाठांतर अगोदरच झालेले असते, आणि शब्दांचे नावीन्य कानावर थेट आदळते.

शिवाय हाच व्यवहार अन्यत्र झाला तेव्हा त्याला परंपरा म्हटले गेले. अमेरिकेतील कामगारकवी जो हिल यांनी चर्चमधील स्तोत्रांच्या चालींवर संपाची गाणी केली. वुडी गथ्री यांच्या सर्वाधिक गायिलेल्या गीताची चाल कार्टर कुटुंबाच्या एका धार्मिक गीतावरून आलेली आहे. बॉब डिलन यांचे साठच्या दशकातील सर्वांत प्रसिद्ध प्रश्नगीतही गुलामगिरीच्या काळातील जुन्या गाण्याच्या आधाराने उभे आहे. चर्चचे स्तोत्र जसे तेथील कामगाराच्या कानात लहानपणापासून मुरलेले होते, तसे मुंबईच्या गिरणी कामगाराच्या कानात चित्रपटगीत मुरलेले होते. तेथे जुन्या चालीला लोकधन मानायचे आणि येथे चित्रपटाच्या चालीला उष्टे मानायचे, हा न्याय सरळ नाही. तरीही एक भेद मान्य केला पाहिजे: चित्रपटाची चाल एका नामांकित संगीतकाराची मालमत्ता असते, त्यामुळे ऐकणाऱ्याला मूळ गाणे सतत आठवत राहते, आणि नव्या शब्दांना त्या आठवणीशी झगडावे लागते. विडंबनात हा झगडा उपकारक ठरतो. शोकगीतात तो घातक ठरू शकतो.

चाल उसनी असली तरी छंदाचा कान उसना नव्हता, हे दाखवण्यासाठी एकच उदाहरण विस्ताराने पाहणे इष्ट ठरेल. भीमाच्या मताची अवघी पाच माणसे जरी असती तर काय घडले असते, अशा कल्पनेने आरंभ होणारे वामनदादांचे गीत बहुतेकांना ठाऊक आहे. ते रूपाने गझल आहे. गझलेच्या पहिल्या द्विपदीला, म्हणजे दोन ओळींच्या जोडीला, मतला म्हणतात आणि तिच्या दोन्ही ओळींच्या अखेरीस यमक येते. यमक जुळवणाऱ्या शब्दाला काफिया आणि त्यामागून न बदलता येणाऱ्या शब्दाला रदीफ अशी संज्ञा आहे. या गीताची रदीफ ‘असते’ हे क्रियापद आहे. मराठीत हे रूप येथे संकेतार्थाचे, म्हणजे ज्या गोष्टी घडू शकल्या असत्या पण घडल्या नाहीत त्यांचे, रूप होय. त्यामुळे प्रत्येक द्विपदी फिरून त्याच न घडलेल्या गोष्टीवर येऊन थांबते, आणि व्याकरणच ठपका ठेवण्याचे काम करते. बोलण्यात भीम आहे, पण करणीत नाही, असे आपल्याच समाजाला बजावणारे हे गीत आहे, आणि ते जयंतीच्या मंचावर टाळ्यांच्या गजरात गायले जाते, यातील विसंगती कवीने बहुधा ओळखून घेतलेली असावी.

त्याचे वृत्त तपासले असता ते आनंदकंद ठरते: गा गा ल गा ल गा गा, आणि पुन्हा गा गा ल गा ल गा गा; प्रत्येक अर्ध्यात 12 आणि पूर्ण ओळीत 24 मात्रा. इक्बाल यांचे हिंदुस्थानवरचे सर्वज्ञात उर्दू गीत याच वजनात आहे. मतल्याची पहिली ओळ या मापात तंतोतंत बसते. दुसऱ्या ओळीत एक दीर्घ अक्षर ह्रस्व उच्चारावे लागते. कागदावर मात्रा मोजणारा वाचक येथे चूक दाखवील. गाणाऱ्याला ती जाणवतही नाही, कारण मराठी ओवीपासून अभंगापर्यंत गाणाऱ्या गळ्याने दीर्घाला आखडण्याचा आणि ह्रस्वाला ओढण्याचा अधिकार सदैव वापरलेला आहे. माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजली’ 1933 मध्ये प्रसिद्ध करून हा काव्यप्रकार विद्वत्तेच्या वाटेने मराठीत आणला. अमरावतीच्या सुरेश भटांनी ‘रूपगंधा’ (1961) आणि ‘रंग माझा वेगळा’ (1974) या संग्रहांतून तो मराठीच्या अंगवळणी पाडला. मराठी गझलेचा इतिहास या दोन नावांभोवती लिहिला जातो. कव्वालीच्या सामन्यांतून, ना फारसी व्याकरण ना वृत्तदर्पण हाती असताना, तिसऱ्या वाटेने तोच प्रकार मराठीत उतरत होता, याची नोंद त्या इतिहासात घेतली गेलेली नाही, आणि ती घेतल्यावाचून तो इतिहास अपुरा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

भीमगीतकार या एकाच शब्दात वामनदादांना बंद केल्याने त्यांच्या आशयाची रुंदीही झाकली गेली. देशातील बड्या उद्योगपतींची नावे एका पाठोपाठ एक घेऊन, संपत्तीतील आमचा वाटा कोठे आहे, असा हिशेब विचारणारे त्यांचे गीत हे मराठीतील राजकीय अर्थशास्त्राचे सर्वांत आटोपशीर निवेदन मानता येईल; त्यात उद्योगपतीच्या नावाशीच मागणीचे यमक जुळते, आणि यमक जुळले की मागणी अपरिहार्य वाटू लागते. हा प्रश्न हवेतला नव्हता. ऑक्टोबर 1957 मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तो जमिनीतील वाट्यासाठीच होता. पुढे हाच पक्ष गटागटांत फुटला तेव्हा नेत्यांना गाण्यातून धारेवर धरण्यात वामनदादा मागे राहिले नाहीत. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकामागे कम्युनिस्ट पक्षाची संघटना, अभ्यासवर्ग आणि छापखाना होता. वामनदादांच्या मागे बहुधा आयोजक तरुण मंडळाची वर्गणी आणि परतीच्या गाडीचे तिकीट एवढेच असे.

त्यांच्या रचनेतील उणिवा झाकण्याची आवश्यकता नाही. मागणीनुसार केलेल्या गीतांत कल्पनांची पुनरावृत्ती आहे. सूर्य, ज्योत आणि निळा झेंडा यांच्यावरील भार जागोजागी असह्य होतो. ठेका भरण्यासाठी घातलेले पादपूरक शब्द, म्हणजे अर्थाला काहीही न जोडता केवळ ओळीची जागा भरणारे शब्द, छापील पानावर उघडे पडतात. विभूतिपूजेला ज्या महापुरुषाचा विरोध होता त्याच्याच स्तुतीत काही गीते नुसत्या विशेषणांवर संपतात. हजारो गीतांतून दीडशे-दोनशे निवडण्याचे काम कोणी कठोरपणे केले, तर या कवीचे भले होईल. मात्र दोषांची यादी करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, पेटीशिवाय वाचलेले गीत हे नटाशिवाय वाचलेल्या नाटकासारखे असते आणि नाटकाच्या बाबतीत ही सवलत समीक्षा नेहमीच देत आलेली आहे.

उपेक्षेचे सर्वांत सूक्ष्म कारण मात्र शेवटच्या कडव्यात दडलेले आहे. वामनदादांच्या गीताच्या अखेरीस सहसा ‘वामन’ हे नाव येते. रचनेतच कर्त्याचे नाव गुंफण्याच्या या पद्धतीला नाममुद्रा म्हणतात. अभंगातील ‘तुका म्हणे’ ही तिची मराठी परंपरा, आणि गझलेच्या अखेरीस येणारे टोपणनाव, ज्याला तखल्लुस म्हणतात, ही तिची उर्दू परंपरा. वामनदादांकडे या दोन्ही परंपरा एकत्र मिळतात. छापखाना नसलेल्या जगात नाममुद्रा हाच मालकीचा दाखला असतो: गाणे कोणीही, कोठेही गावो, कर्त्याचे नाव गाणाऱ्याच्याच तोंडून निघते. ही व्यवस्था शतकानुशतके चालली. ती मोडली ती ध्वनिमुद्रिकेने, कारण 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेतीन मिनिटांचेच गाणे मावते. सहा-सात कडव्यांचे गाणे त्या मापात बसवताना कात्री अखेरच्या कडव्यांवर चालली की त्यांबरोबर नावही जाते, आणि ऐकणाऱ्याच्या लेखी गाणे गायकाचे होते. पुढे ध्वनिफितीच्या आणि वाद्यवृंदाच्या काळातही ही घाई गेली नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या समर्थ गळ्यांनी भीमगीते दूरवर पोचवली, हे ऋण मोठेच आहे. पण त्या प्रवासात कवीचे नाव अनेकदा फलाटावरच राहिले.

चित्रपटाने त्यांना दिलेली ओळखही अशीच निसटती ठरली. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (1959) या तमाशापटाने पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे मुक्काम केला. वसंत पवारांचे संगीत आणि ग. दि. माडगूळकरांची गीते यांसाठी तो आठवला जातो, आणि त्याच चित्रपटात वामनदादांचेही गीत आहे, हे ते गीत गुणगुणणाऱ्या अनेकांना माहीत नसते. चित्रपटगीतात नाममुद्रा घालण्याची सोय नव्हती. हे गीत गाजले, कवी नव्हे.

येथे मेहकरचे उदाहरण समोर ठेवता येते. ना. घ. देशपांडे (1909-2000) यांनी आयुष्य मेहकरमध्ये वकिली करीत काढले, आणि त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात 1930 च्या दशकात तबकडीवर आली, तेव्हा मराठी भावगीताच्या युगाला आरंभ झाला असे अनेक अभ्यासक मानतात. तेथेही गाणे कवीच्या हातून सुटून गायकाचे झाले होते. परंतु ‘शीळ’ हा संग्रह 1954 मध्ये आला, ‘अभिसार’ 1963 मध्ये आला, ‘खूणगाठी’ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तालुक्याच्या गावी बसलेल्या या अल्पभाषी कवीचे नाव पुस्तकाने गाण्यापाशी परत आणून ठेवले. ज्याच्यामागे पुस्तक आहे त्याला तबकडी काही हिरावू शकत नाही. वामनदादांचा पहिला संग्रह ‘वाटचाल’ 1973 मध्ये, म्हणजे पहिल्या गीतानंतर 30 वर्षांनी निघाला. या विलंबाचा परिणाम समजण्यासाठी आजूबाजूला पाहिले पाहिजे. साठच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाभोवती दलित साहित्याची चर्चा संघटित झाली, 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली, आणि मुक्तछंद ही विद्रोहाची भाषा ठरली. या घडामोडींनंतर हाती आलेला यमकबद्ध, ध्रुपदाचा, चालीवरचा संग्रह वाचकांना मागच्या पिढीचा वाटला. तो त्या पिढीचा आधार होता, हे लक्षात येण्याजोगे पुरावे कागदावर नव्हते, ते लोकांच्या गळ्यात होते. ‘मोहळ’ (1976) आणि ‘हे गीत वामनाचे’ (1977) यांनी हा समज फारसा बदलला नाही. 1993 मध्ये वर्ध्याच्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि 1996 मध्ये ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन प्रसिद्ध झाले, तेव्हा सत्तरी उलटलेली होती. 15 मे 2004 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

‘हे गीत वामनाचे’ या शीर्षकाकडे मात्र पुन्हा पाहण्यासारखे आहे. जी नाममुद्रा तबकडीने शेवटच्या कडव्यासह कापली होती, तीच येथे पुस्तकाच्या पहिल्या पानावर, शीर्षकाच्या जागी येऊन बसली आहे. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर भरणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांत भीमगीतांच्या ज्या चोपड्या विकल्या जातात, त्यांत गीते मिनिटांच्या मापाने कापण्याचे कारण नसते, आणि गायन पार्ट्यांच्या जुन्या वह्यांतही ती अखेरच्या कडव्यापर्यंत उतरवलेली असतात. या जिल्ह्यातील वस्त्यांतही अशा वह्या ट्रंकेत पडून असतील, त्या उघडून प्रत्येक गीताचे शेवटचे कडवे आधी वाचावे. चालीच्या जागी बहुधा एखाद्या चित्रपटगीताचे नाव लिहिलेले असेल, शुद्धलेखन धड नसेल, आणि खालून दुसऱ्या ओळीत वामन भेटेल.